एकाचे घोरणे, दुसऱ्याच्या जिवाला घोर



आजचा विषय वाचून काहींना हसू येईल. रविवारच्या पत्रकात घोरण्यावर लेख? प्रार्थना, संस्कार, उपवासकाळ हे विषय संपले काय, असेही कोणी विचारील. विषय संपलेले नाहीत. पण घराघरांत पती-पत्नीमध्ये जी धुसफूस चालते, तिच्या मुळाशी कितीतरी वेळा मोडलेली झोप असते. रात्रीतून चार वेळा जागे झालेले माणूस सकाळी चहात साखर कमी पडली म्हणून चिडते. भांडण साखरेचे दिसते, पण ते असते झोपेचे.

आपल्या मराठीत घोरणे म्हणजे झोपेत आवाज करणे आणि घोर म्हणजे काळजी. एकाच अंथरुणावर हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी झोपलेले असतात. एक जण घोरतो आणि दुसऱ्याच्या जिवाला घोर लागतो. प्रभू येशूने आपल्याला शेजाऱ्यावर प्रीती करायला शिकवले. आपण शेजारी म्हटले की भिंतीपलीकडचा माणूस डोळ्यांपुढे आणतो. सर्वांत जवळचा शेजारी तर हाताच्या अंतरावर झोपलेला असतो.

म्हणून आज आपण एका साध्या दिसणाऱ्या पण अवघड प्रश्नाचा विचार करू. ज्या त्रासामागे कोणाचाही वाईट हेतू नाही, त्याची जबाबदारी कोणाची? घोरणाऱ्याने अपराधी वाटून घ्यावे काय? जागणाऱ्याने मुकाट्याने सोसावे काय, आणि सोसावे तर किती?

दोन खणांचे घर आणि एक कोयता

शहरातल्या मासिकांत यावर सोपा सल्ला असतो. जोडीदार घोरत असेल तर दुसऱ्या खोलीत झोपा. कड्यातील आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील किती घरांत ती दुसरी खोली आहे? पत्र्याच्या दोन खणांत म्हातारी आई, लेकरे, धान्याची पोती आणि नवरा-बायको असे सारे सामावलेले असते. उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकता येतात. पावसाळ्यात आणि थंडीत मात्र जो आवाज असेल तो सगळ्यांचा.

आपल्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचा विचार करा. नवरा आणि बायको मिळून मुकादमाच्या हिशेबात एक 'कोयता' धरला जातो. उचल घेतलेली असते ती दोघांच्या नावे. फडाजवळच्या कोपीत दोघे, कडेला लेकरू आणि पलीकडे हातभर अंतरावर दुसऱ्याची कोपी. दिवसभर ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी अवेळी आली तर रात्रीही भरायची आणि पहाटे अंधारात उठून बाईने भाकरी थापायच्या. त्यातही शेजारचा माणूस घोरतो म्हणून जिचा डोळा लागला नाही, तिने दुसऱ्या दिवशी हातात कोयता कसा धरायचा? खाडा पडला तर तो दोघांचा पडतो.

मुकादमाच्या वहीत नवरा-बायको एक असतात ते कामापुरते. विवाह संस्काराने ते एक होतात ते सुखदुःखात, आजारपणात, आणि म्हणून विश्रांतीतही. एकाची झोप गेली तर तो एकाचा प्रश्न राहत नाही, दोघांचा होतो. या विषयावर आपले पहिले म्हणणे हे की 'तुझे घोरणे' किंवा 'तुझी हलकी झोप' असे न म्हणता 'आपल्या दोघांची झोप' असे म्हणायला हवे.

दोष कोणाचा?

घोरणे म्हणजे काय? झोपेत शरीराचे स्नायू सैल पडतात. घशातील मऊ टाळू आणि पडजीभ सैल होतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. त्या अरुंद वाटेतून हवा जाताना हे सैल भाग थरथरतात. तो थरथराट म्हणजे घोरणे. उताणे झोपले की जीभ आणखी मागे पडते, म्हणून आवाज वाढतो. नाक चोंदलेले असेल, गळ्याभोवती चरबी असेल, वय वाढले असेल तरी घोरणे वाढते. दारूने स्नायू अधिक सैल पडतात, तर बिडी-सिगारेटने घशाला सूज येते.

यात माणसाचा हेतू कोठेच नाही. जे ज्ञानाने आणि इच्छेने केले जात नाही ते पाप नव्हे, असे ख्रिस्तसभा शिकवते. झोपेत बुद्धीचा लगाम सुटलेला असतो, म्हणून झोपेत घडलेल्या गोष्टीचा दोष झोपलेल्या माणसाला लागत नाही, असे तेराव्या शतकातील महान तत्त्वज्ञ संत थॉमस अक्विनास यांनी मांडले आहे. म्हणून नवऱ्याला वा बायकोला सकाळी उठून 'मुद्दाम करतोस' किंवा 'मुद्दाम करतेस' असे म्हणणे अन्यायाचे आहे.

पण संत थॉमस तेथेच थांबत नाहीत. झोपेतल्या गोष्टीचे कारण जर जागेपणी आपणच निर्माण केले असेल, तर त्या कारणाची जबाबदारी आपल्यावर येते, हेही ते सांगतात. येथे प्रश्नाची गाठ सुटते. घोरणे हा दोष नव्हे. मात्र दारूने आपले घोरणे वाढते, त्याने घरातील कोणी झोपत नाही, हे कळूनही रोज रात्री पिऊन येणे हा दोष आहे. नाकाचा आजार आहे, डॉक्टरांकडे जाणे शक्य आहे, तरी 'मला काय होते? मी तर मस्त झोपतो' म्हणून वर्षानुवर्षे न जाणे हाही दोष आहे. रात्रीचे घोरणे आपल्या हाती नाही, पण संध्याकाळचे वागणे आपल्या हाती आहे.

सोसणे म्हणजे काय?

आता दुसरी बाजू. जागणाऱ्याने काय करावे? आपल्याकडे चटकन मिळणारे उत्तर म्हणजे 'सोस'. विशेषतः बायकांना हे उत्तर आईकडून, सासूकडून आणि कधी कधी आम्हा धार्मिक लेखन करणाऱ्यांकडूनही मिळते. येथे आपल्याला लिझ्यूच्या संत तेरेजा यांची आठवण होते. त्यांचा जन्म १८७३ सालचा आणि मृत्यू १८९७ सालचा, म्हणजे उणेपुरे चोवीस वर्षांचे आयुष्य. १९२५ साली त्यांना संतपद मिळाले आणि १९९७ साली ख्रिस्तसभेच्या महापंडितांमध्ये त्यांची गणना झाली.

संध्याकाळच्या मनन-प्रार्थनेच्या वेळी त्यांच्या मागे एक धर्मभगिनी बसत असे. तिला एक चमत्कारिक आवाज करण्याची सवय होती. दोन शिंपले एकमेकांवर घासावेत तसा तो आवाज. तेरेजा यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की त्या आवाजाने त्यांना अगदी घाम फुटे. मागे वळून एक नजर टाकावी, म्हणजे ती बहीण गप्प होईल, असे फार वाटे. पण त्यांनी तसे केले नाही. तो आवाज टाळण्याऐवजी त्या तो लक्ष देऊन ऐकू लागल्या, जणू एखादे सुंदर संगीत, आणि ते संगीत त्यांनी प्रभूला अर्पण केले.

ही गोष्ट सुंदर आहे, पण तिचा चुकीचा धडा घेऊ नये. पहिले असे की तेरेजा यांना राग आला नाही असे नाही. राग आला, घाम फुटला, ते त्यांनी लपवले नाही. संतांनाही आवाजाचा त्रास होतो. ज्याला त्रास होतो त्याची भक्ती कमी, असे कोणी समजू नये. दुसरे असे की त्या धर्मभगिनीच्या आवाजाने तिच्या जिवाला काही धोका नव्हता. तेरेजा यांच्या सोसण्याने कोणाचे नुकसान झाले नाही. जेथे आपल्या गप्प राहण्याने दुसऱ्याचे नुकसान होते, तेथे गप्प राहणे हे प्रेम नसते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबांतील प्रेमाविषयी जे प्रेषितीय पत्र लिहिले, त्यातही सहनशीलतेचा अर्थ समजावताना त्यांनी हे स्पष्ट केले की सहनशील असणे म्हणजे सतत होणारी हेळसांड चालवून घेणे नव्हे.

जागणाराच साक्षीदार

काही जणांचे घोरणे नुसता आवाज असतो. काहींच्या बाबतीत मात्र तो आजाराचा इशारा असतो. माणूस मोठ्याने घोरत असतो, मग एकाएकी शांतता पसरते. श्वास थांबतो. दहा सेकंद, कधी त्याहूनही जास्त. मग गुदमरल्यासारखा आचका देऊन श्वास पुन्हा सुरू होतो. डॉक्टर याला स्लीप ॲप्निया म्हणतात. तासाला पाच किंवा अधिक वेळा श्वास असा थांबू किंवा फार मंदावू लागला तर तो आजार धरतात, तीस किंवा अधिक वेळा झाला तर तीव्र आजार. अशा माणसाला पुरेसे तास झोपूनही दिवसा पेंग येते, सकाळी डोके दुखते. रक्तदाब वाढतो, हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. गाडी चालवताना डोळा लागून अपघात होतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार जगात ३० ते ६९ वयाच्या सुमारे ९३ कोटी ६० लाख लोकांना हा त्रास असावा, असा अंदाज आहे. प्रसिद्ध संगीतकार बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत वारले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचे नाव सांगितले होते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेऊ या. ज्याचा श्वास थांबतो त्याला ते माहीत नसते. तो झोपलेला असतो. आरशात आपल्याला आपले तोंड दिसते, पण आपली झोप आपल्याला कोणत्याच आरशात दिसत नाही. ती फक्त शेजारी जागणाऱ्याला दिसते. म्हणजे जागणाऱ्याकडे एक अशी माहिती आहे, जी खरे तर झोपलेल्याची आहे. ती त्याला सांगणे हे गाऱ्हाणे नव्हे, ते कर्तव्य आहे. 'उगाच कशाला बोलायचे, चिडतील' म्हणून ती माहिती मनात ठेवणारी पत्नी किंवा पती सोसत असेल, पण ते सोसणे आपल्या माणसाच्या कामी येत नाही.

सांगायचे कसे, हेही महत्त्वाचे आहे. पाहुण्यांच्या बैठकीत, लेकरांसमोर, नक्कल करून सांगितले तर ते सांगणे नव्हे, ती फजिती आहे. रात्री ढोसून उठवून रागाने सांगितले तरी उपयोग नाही. दिवसा, दोघेच असताना, शांतपणे सांगावे. 'रात्री तुमचा श्वास थांबतो, मला भीती वाटते.' या वाक्यात आरोप नाही, काळजी आहे. पुरुषाला ते ऐकायला सोपे जाते.

आणि ऐकणाऱ्याचेही कर्तव्य आहे. शुभवर्तमानात वादळाच्या वेळी प्रभू येशू तारवाच्या मागच्या बाजूस उशीवर डोके ठेवून झोपला होता. घाबरलेल्या शिष्यांनी त्याला जागे केले. विश्वास कोठे गेला, असे त्याने त्यांना विचारले, पण आपली झोप मोडली म्हणून तो रागावला नाही. उठला आणि आधी वादळ शांत केले. ज्याला त्याची पत्नी 'कुशीवर व्हा' म्हणून हलवते, त्याने निदान वसकन अंगावर जाऊ नये.

बाईचे घोरणे

पुरुष घोरला तर घरात हसतात, दमला असेल म्हणतात. बाई घोरली तर तिची लाज वाटते. नवी सून माहेरून येते ती हीच भीती घेऊन. कित्येक बाया घरातील सगळे झोपेपर्यंत जाग्या राहतात, प्रवासात बसून रात्र काढतात. हा दुजाभाव देवाने निर्माण केलेला नाही. टाळू आणि पडजीभ दोघांनाही सारखीच दिली आहे. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये घोरणे आणि श्वास थांबण्याचा आजार, दोन्ही वाढतात, असे डॉक्टर सांगतात. म्हणजे ज्या वयात तपासणीची गरज वाढते, त्याच वयात ती लाजेने गप्प बसते. जे नवरे स्वतःच्या घोरण्यावर हसतात, त्यांनी पत्नीच्या घोरण्याची टिंगल करू नये, तिला दवाखान्यात घेऊन जावे. लहान लेकरू रोज घोरत असेल तर तेही 'गाढ झोपले' म्हणून सोडून देऊ नये. वाढलेल्या टॉन्सिलमुळे तसे होऊ शकते.

वेगळे अंथरूण म्हणजे दुरावा काय?

काही जोडप्यांना हा प्रश्न खरोखर छळतो. आपण वेगळे झोपलो तर विवाहवचन मोडले काय? लोक काय म्हणतील? ख्रिस्तसभेच्या १९८३च्या कायदेसंहितेतील ११५१वा नियम सांगतो की सहजीवन टिकवणे हे पती-पत्नीचे कर्तव्यही आहे आणि हक्कही, योग्य कारण असेल तो अपवाद. सहजीवन म्हणजे एक घर, एक संसार, एकमेकांची काळजी. झोपेसाठी एकाने ओसरीवर अंथरूण टाकले म्हणून सहजीवन मोडत नाही.

पण वेगळे झोपण्याचे दोन प्रकार आहेत. एकात दोघांनी बोलून ठरवलेले असते: आठवड्यातले इतके दिवस, किंवा उद्या लवकर उठायचे आहे म्हणून आज. दुसऱ्यात एक जण रागाने वळकटी उचलतो, आणि घोरणे हे नुसते निमित्त असते. पहिल्यात प्रेम झोपेची सोय करते. दुसऱ्यात राग झोपेची ढाल करतो. संत पौलानेही करिंथकरांना लिहिताना पती-पत्नींनी एकमेकांपासून दूर राहायचे तर ते दोघांच्या संमतीने आणि काही काळापुरते असावे, असे सांगितले आहे. अंथरूण वेगळे करण्याआधी संध्याकाळची प्रार्थना एकत्र करा, एकमेकांचा निरोप घ्या. मग ते अंतर चार पावलांचेच राहील.

यात्रेत आणि प्रवासात

घरातल्या माणसाचे घोरणे आपण ओळखतो, परक्याचे सोसत नाही. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली आणि कड्याला स्टेशन मिळाले. नगरहून पुढे रात्रीची गाडी धरणारे आपल्यात पुष्कळ आहेत. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला मुक्कामी जाणारे आहेत, वेलांकनीला जाणारे आहेत. साधनेला गेलो तरी मोठ्या खोलीत दहा-बारा जण झोपतात. भक्तीसाठी एवढ्या लांब यायचे आणि शेजारचा घोरतो म्हणून रात्रभर त्याला मनात शिव्या द्यायच्या, असे होते खरे.

येथे थोडी रीत पाळता येईल. आपण घोरतो हे माहीत असेल तर आधीच हसून सांगावे, कडेची जागा घ्यावी, कुशीवर झोपावे, आणि ज्यांची झोप हलकी आहे त्यांना आधी झोपू द्यावे. ज्यांना त्रास होतो त्यांनी कानात घालायचे बोळे जवळ ठेवावेत, फार झाले तर हळूच हलवून कुशीवर व्हायला सांगावे. हल्ली झोपलेल्याचा व्हिडिओ काढून मोबाईलच्या ग्रुपवर टाकण्याची खोड आली आहे. डॉक्टरांना दाखवण्यासाठी, घरच्या माणसाने, सांगून आवाज टिपला तर तो औषधाइतका उपयोगी आहे. चारचौघांत हसण्यासाठी टिपला तर झोपलेल्या, असहाय माणसाची ती चेष्टा आहे. नोहा उघडा पडून झोपला असता त्याच्या एका मुलाने बाहेर जाऊन सांगितले आणि दोघांनी पाठमोरे जाऊन त्याच्यावर वस्त्र घातले, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. आपण कोणत्या मुलासारखे वागतो?

जेथे उपाय परवडत नाही

साधे उपाय पुष्कळांना करता येतात. कुशीवर झोपणे, उशाकडची बाजू थोडी उंच करणे, रात्रीचे जेवण लवकर आणि हलके घेणे, दारू व तंबाखू सोडणे, वजन उतरवणे. श्वास थांबत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे, ते झोपेची तपासणी सांगतात. नाकावर मुखवटा लावून हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारे यंत्र ऑस्ट्रेलियातील डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली जगापुढे आणले, त्याने असंख्य लोक सुखाने झोपू लागले.

पण कोपीत वीज नाही, हातात पैसा नाही, तेथे यंत्र कोठले? तेथे आपले तत्त्वज्ञान काय सांगते? ते एवढेच सांगते की ओझे उतरवता येत नसेल तर वाटून घ्यावे. ज्याच्या आवाजाने रात्री दुसऱ्याची झोप गेली, त्याने पहाटे उठून चूल पेटवावी, पाणी आणावे, लेकराला घ्यावे आणि तिला अर्धा तास जास्त पडू द्यावे. घोरण्याबद्दल क्षमा मागायची गरज नाही, पण झोपेची परतफेड करता येते. आणि आपल्या धर्मग्रामात कोणाला तपासणीसाठी नगरला किंवा बीडला जायचे असेल आणि सोबत नसेल, तर ती सोबत देणे हे आपले, शेजाऱ्यांचे काम आहे.

झोप ही देवाची देणगी आहे. झोपलेल्या संत योसेफाशी देव स्वप्नात बोलला. थकलेल्या एलियाला देवाने आधी झोपू दिले, मग भाकर दिली आणि मगच पुढची वाट दाखवली. संत तेरेजा स्वतः प्रार्थनेत डुलक्या घेत, आणि लेकरे झोपली तरी आईबापांना तितकीच आवडतात, असे म्हणून मनाची समजूत घालत. ज्याला देव इतक्या मायेने झोपू देतो, त्याच्या झोपेची काळजी आपण घ्यायची आहे. जो घोरतो त्याच्याही आणि जो जागतो त्याच्याही.

आज मिस्सा संपवून घरी गेल्यावर जेवण झाले की एकमेकांना एकच प्रश्न विचारा: 'रात्री तुझी झोप होते का?' उत्तर येईपर्यंत थांबा, आणि आले की मध्ये बोलू नका.

हे प्रभो, आमच्या घरांतील रात्री तुझ्या हाती देतो. झोपलेल्यांचा श्वास सांभाळ, जागणाऱ्यांना धीर दे आणि सकाळी दोघांनाही एकमेकांचे तोंड आनंदाने पाहू दे. आमेन.